नेल्सनचा गुडघा आणि पॅकर्सची राखीव फळी: २०१५ च्या हंगामाचा अभ्यास

२३ ऑगस्ट २०१५ च्या रविवारी पिट्सबर्गच्या हाइन्झ फील्डवर ग्रीन बे पॅकर्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या संघांत हंगामपूर्व सामना होता. अशा सामन्याचा निकाल कुठल्याही गुणतक्त्यात धरला जात नाही. पॅकर्सच्या पहिल्याच ताब्यात वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळून पास झेलणारा, जॉर्डी नेल्सनने आठ यार्डांचा साधा पास झेलला, पुढे वळायला पाय रोवला आणि कुणाचाही धक्का न लागता तो खाली गेला. उजव्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांशी बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटला होता. नियमित हंगामाचा एक चेंडूही खेळला जाण्याआधी नेल्सनचा हंगाम संपला. त्याच सामन्यात स्टीलर्सचा सेंटर (लाइनच्या मध्यभागी उभा राहून चेंडू मागे देणारा) मॉर्किस पाउन्सी घोट्याला दुखापत होऊन बाहेर गेला, आणि त्यालाही त्या वर्षी पुन्हा मैदानात उतरता आलं नाही. ज्या सामन्याचे गुण कुणी मोजत नाही, त्यात दोन संघांनी आपापल्या आक्रमणाचा एकेक खांब गमावला.

हे प्रकरण निवडण्यामागे कारण आहे. हंगामपूर्व दुखापतींची चर्चा निघाली की बोलणं क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, जातं. पॅकर्सचा क्वार्टरबॅक शाबूत होता, आणि तो साधासुधा नव्हता. ॲरन रॉजर्स नुकताच २०१४ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. गेला होता एक रिसीव्हर. तरीही २०१४ मध्ये ४८६ गुणांसह लीगमध्ये पहिलं आलेलं आक्रमण २०१५ मध्ये ३६८ गुणांवर, म्हणजे पंधराव्या क्रमांकावर आलं. सामन्यामागे ३०.४ गुणांचे २३ झाले. आक्रमणाची खोली, म्हणजे जागोजागी भरवशाचे राखीव असणं, नेमकी काय असते, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा हंगाम अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल.

नेल्सन नेमकं काय करत होता

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो, म्हणून अमेरिकन फुटबॉलबद्दल दोन शब्द. आक्रमणाचे अकरा जण. त्यांतले पाच लाइनमन क्वार्टरबॅकभोवती भिंत उभी करतात. उरलेल्यांत चेंडू घेऊन धावणारा एक रनिंग बॅक, बहुतेक वेळा एक टाइट एंड (लाइनशेजारी उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही) आणि तीन वाइड रिसीव्हर. तीन रिसीव्हर मैदानात उतरवणं हीच तेव्हाच्या पॅकर्सची रोजची रचना होती. दोन रिसीव्हर मैदानाच्या दोन्ही कडांना, तिसरा आतल्या बाजूला म्हणजे स्लॉटमध्ये.

कडेच्या रिसीव्हरसमोर कॉर्नरबॅक असतो, कित्येकदा अंगाला भिडूनच उभा. त्याच्या मागे, खोलवर, सेफ्टी. कडेचा रिसीव्हर कॉर्नरबॅकला मागे टाकून तीस-चाळीस यार्ड पळू शकतो अशी धास्ती असेल, तर सेफ्टीला मागे राहावं लागतं. क्रिकेटमधल्या क्षेत्ररचनेसारखंच आहे हे: गोलंदाजाच्या डोक्यावरून षटकार मारणारा फलंदाज असला की लाँग ऑन, लाँग ऑफ सीमारेषेवर अडकून पडतात आणि दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला एकेरी धावा सहज मिळतात. नेल्सन हा तो षटकार मारणारा होता. २०१४ मध्ये ९८ झेल, १,५१९ यार्ड, १३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून केलेले गुण), म्हणजे झेलामागे साडेपंधरा यार्ड. स्लॉटमध्ये खेळणाऱ्या रँडल कॉबचे त्याच वर्षीचे आकडे ९१ झेल, १,२८७ यार्ड आणि १२ टचडाउन. हे दोन आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत, कारण कॉबला मिळणारी मोकळी जागा नेल्सनच्या धास्तीतून तयार होत होती.

दुसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही. रॉजर्स मुख्य क्वार्टरबॅक झाला २००८ मध्ये, आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक, फेऱ्याफेऱ्यांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) नेल्सनला पॅकर्सने निवडलं तेही २००८ मध्येच. सात हंगाम एकत्र खेळून दोघांनी मागच्या खांद्याचा पास बसवला होता. रिसीव्हर सरळ पळतोय, कॉर्नरबॅक त्याच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे आहे. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू पुढे न टाकता रिसीव्हरच्या मागच्या खांद्याकडे टाकतो, रिसीव्हर थबकून वळतो आणि कॉर्नरबॅक पुढे निघून जातो. हा बदल आधी ठरलेला नसतो. कॉर्नरबॅकची मान कुठे वळलीय हे दोघांनी एकाच क्षणी ओळखायचं असतं. हे वहीत लिहून शिकवता येत नाही, आणि तीन आठवड्यांत तर मुळीच नाही.

हाताशी असलेले तीन आठवडे

दुखापत २३ ऑगस्टला, पहिला नियमित सामना १३ सप्टेंबरला शिकागोत. मधल्या काळात संघ काय करू शकतो हे त्या वेळच्या नियमांवर अवलंबून होतं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी आणायचं.

शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू. १ सप्टेंबरला ते ७५ वर आणायचे, ५ सप्टेंबरला ५३ वर. त्याशिवाय फक्त सरावासाठी १० जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड. ५३ पैकी सामन्याच्या दिवशी गणवेशात फक्त ४६. म्हणजे २३ ऑगस्टला बाजारात जे मोकळे खेळाडू होते ते सगळे आधीच कुणीतरी नाकारलेले, आणि चांगला माल दोन आठवड्यांनी, इतर संघांच्या अंतिम कपातीनंतर बाहेर पडणार. थांबण्यात शहाणपण होतं. पण त्यातही एक मेख आहे. कापलेल्या तरुण खेळाडूंवर हक्क सांगण्याचा क्रम आदल्या हंगामाच्या उलट असतो, दुबळ्या संघाला आधी संधी. १२ विजय आणि ४ पराभवांच्या जोरावर कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेलेले पॅकर्स या रांगेत जवळजवळ शेवटी होते. त्यांच्यापर्यंत कामाचा तरुण रिसीव्हर पोचण्याची शक्यता कमी. मात्र ज्याचे चार हंगाम पूर्ण झालेत असा अनुभवी खेळाडू हंगामाच्या सुरुवातीला कापला गेला, तर त्याला ही रांग लागू होत नाही. तो थेट मोकळा होतो आणि हव्या त्या संघाशी करार करतो.

पॅकर्सने हीच वाट धरली. जेम्स जोन्स हा त्यांचाच जुना रिसीव्हर, २००७ च्या तिसऱ्या फेरीतला. २०१२ मध्ये १४ टचडाउन झेलून तो लीगमध्ये पहिला आला होता. २०१४ मध्ये तो ओकलंड रेडर्सकडे गेला, तिथून सुटला, न्यूयॉर्क जायंट्सच्या शिबिरात गेला, आणि ५ सप्टेंबरच्या कपातीत त्यांनीही त्याला सोडलं. दुसऱ्याच दिवशी तो ग्रीन बेमध्ये होता. रॉजर्सच्या खुणा, डोळ्यांचे इशारे, बचाव पाहून ऐनवेळी बदललेला पास हे सगळं त्याला आधीपासून माहीत. १३ सप्टेंबरला शिकागोत त्याने चार झेल घेतले, त्यांतले दोन टचडाउनचे. पॅकर्स ३१-२३ ने जिंकले.

आमच्या मते त्या परिस्थितीतला हा सर्वांत चांगला निर्णय होता. नवा, जास्त वेगवान, जास्त महागडा खेळाडू आणूनही तो पहिल्या आठवड्यात एवढा कामाला आला नसता. आपली भाषा बोलणारा जुना माणूस आणताना शिकवण्याचा खर्च शून्य असतो. त्याच्याकडून नेल्सनचं काम होईल ही अपेक्षा तेवढी ठेवायची नाही.

पैशाची बाजूही लक्षात घ्यायला हवी. नेल्सनबरोबर २०१४ च्या जुलैत चार वर्षांचा ३.९ कोटी डॉलरचा करार झाला होता, कॉबबरोबर २०१५ च्या मार्चमध्ये चार वर्षांचा ४ कोटींचा. जखमी खेळाडूचं वेतन वेतनमर्यादेत, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या कमाल मर्यादेत, धरलंच जातं. रिसीव्हरच्या खात्यावर एवढी रक्कम आधीच बांधली गेली असताना तिसरा महागडा रिसीव्हर आणायला जागा उरत नाही. यादीत वरच्या दोघांना भरभक्कम पैसे आणि खाली सगळे पहिल्याच करारावरचे तरुण, ही रचना सगळे धडधाकट असेपर्यंत स्वस्त पडते.

एक गेला, तिघे हलले

कागदावर पॅकर्सकडे रिसीव्हरांची कमतरता नव्हती. दावांते ॲडम्स, २०१४ च्या दुसऱ्या फेरीतला, पहिल्या वर्षी ३८ झेल. टाय माँटगोमेरी, २०१५ च्या तिसऱ्या फेरीतला नवखा. जेफ जॅनिस आणि जॅरेड ॲबेडेरिस, दोघंही २०१४ चे, अनुक्रमे सातव्या आणि पाचव्या फेरीतले. पण ॲबेडेरिसचं पहिलं वर्ष शिबिरातच गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याने वाया गेलं होतं.

नेल्सन गेला तेव्हा ॲडम्स तिसऱ्याचा पहिला-दुसरा झाला. माँटगोमेरी पाचव्याचा तिसरा झाला. कॉब स्लॉटमध्येच राहिला, पण आता बचावाने पहिलं लक्ष त्याच्यावर द्यायला सुरुवात केली. म्हणजे एक जागा रिकामी झाली आणि तीन जागांचं काम बदललं. राखीव फळी तपासताना आम्ही हाच प्रश्न आधी विचारतो: एक माणूस बाहेर गेला तर किती जणांचं काम बदलतं? उत्तर एक असेल तर फळी खोल आहे. तीन असेल तर यादीत कितीही नावं असोत, ती उथळ आहे.

त्यात २९ ऑगस्टला, फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या पुढच्याच हंगामपूर्व सामन्यात, कॉबचा उजवा खांदा दुखावला. तो पहिल्या सामन्याला उभा राहिला. पण नेल्सनच्या गैरहजेरीत रॉजर्स आणि उरलेल्यांनी जे सराव करायचे, त्या ऐन दिवसांत कॉबला जपावं लागलं. हंगामपूर्व दुखापतीचा हा छुपा तोटा. खेळाडू एकही सामना चुकवत नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही, पण सरावाचे दिवस बुडालेले असतात. दुसऱ्या आठवड्यात सिॲटलविरुद्ध ॲडम्सचा घोटा मुरगळला, तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा दुखावला, आणि नंतरचे तीन सामने तो बाहेर बसला. सहाव्या सामन्यात, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध, माँटगोमेरीचा घोटा गेला आणि त्याचा हंगामच तिथे संपला. घोट्याची दुखापत कुणालाही होऊ शकते, त्याचा दोष खोलीच्या आराखड्यावर ढकलता येत नाही. पण वरची एक जागा आधीच रिकामी असल्यामुळे प्रत्येक नव्या दुखापतीचा धक्का दुप्पट बसला.

आक्रमणाच्या लाइनमध्येही हेच चाललं होतं. पहिल्या सामन्यानंतर सरावात राइट टॅकल (लाइनच्या उजव्या टोकाचा) ब्रायन बुलागाचा गुडघा दुखावला आणि तीन सामने डॉन बार्कले खेळला. तो स्वतः २०१४ ची हंगामपूर्व दुखापत आणि वर्षभराची विश्रांती संपवून परतलेला.

सहा विजय, आणि त्यांनी झाकलेलं

पॅकर्सने पहिले सहाही सामने जिंकले. पहिल्या तीन सामन्यांत रॉजर्सचे दहा टचडाउन पास आणि एकही इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास, नाही. तिसऱ्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध ३८ गुण, त्यात रॉजर्सचे पाच टचडाउन, तीन एकट्या कॉबचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, नेल्सनचा प्रश्न सुटला.

सुटला नव्हता. गुण कसे येत होते ते पाहायला हवं होतं. रॉजर्स लाइनमननी त्याच्याभोवती केलेल्या भिंतीतून बाहेर पळून वेळ मिळवायचा, ठरलेला खेळ मोडायचा, मग मैदानावर कुणीतरी मोकळं सापडायचं. शिवाय तो स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करण्याच्या) आवाजाने बचाव करणाऱ्यांना फसवून वेळेआधी रेषेपलीकडे, म्हणजे ऑफसाइड, ओढायचा आणि चूक त्यांची असल्याने फुकट मिळालेला तो चेंडू खोल टाकायचा. हे कसब अस्सल आहे, पण ते रचनेतून येत नाही, एका माणसातून येतं. चौथ्या सामन्यात १७ गुण, पाचव्यात २४, सहाव्यात २७. पहिल्या तीन सामन्यांच्या मानाने घसरण तिथेच दिसत होती. विजयांच्या रांगेत ती कुणी मोजली नाही.

विश्रांतीच्या आठवड्यानंतर १ नोव्हेंबरला डेन्व्हर. तिथले बचावाचे प्रशिक्षक वेड फिलिप्स यांच्याकडे आकिब तालिब, ख्रिस हॅरिस आणि ब्रॅडली रोबी असे तीन कॉर्नरबॅक होते, आणि तिघंही रिसीव्हरला एकट्याने धरू शकत होते. त्यांनी तेच केलं. माणसाला माणूस लावला, मागे मदतीची फारशी फिकीर केली नाही, आणि वाचलेली माणसं रॉजर्सवर सोडली. नेल्सन असता तर ही चैन परवडली नसती. रॉजर्सचे सामनाभर ७७ यार्ड. पॅकर्स २९-१० ने हरले. या सामन्याने बाकीच्या संघांना नकाशा मिळाला: कडेला भिडून उभे राहा, सेफ्टी खाली आणा, कॉबला दोघांत धरा.

पुढे कॅरोलायनात पराभव. मग १५ नोव्हेंबरला घरच्या लँबो फील्डवर डेट्रॉइटकडून १८-१६ ने. डेट्रॉइट पॅकर्सच्या विस्कॉन्सिन राज्यात १९९१ नंतर पहिल्यांदा जिंकलं. त्या सामन्यात रॉजर्सने ६१ पास टाकले, त्यांतले २१ ॲडम्सच्या दिशेने. त्यातून ॲडम्सने घेतले दहा झेल आणि ७९ यार्ड. झेलामागे आठही यार्ड नाहीत. घोटा पुरता बरा न झालेल्या दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूवर पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरचं ओझं टाकलं की काय होतं, त्याचा हा पुरावा. ॲडम्सवर तेव्हा भरपूर टीका झाली. ती अन्यायाची होती असं आम्हाला ठामपणे वाटतं. पुढच्या वर्षी नेल्सन परतला, ॲडम्सला योग्य जागा मिळाली आणि त्याने बारा टचडाउन झेलले. माणूस तोच होता.

प्रशिक्षकांचे निर्णय

सगळा दोष दुखापतींवर टाकला तर अभ्यास अर्धा राहील. मुख्य प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी २०१५ च्या सुरुवातीला खेळ पुकारण्याचं, म्हणजे प्रत्येक वेळी कुठला डाव खेळायचा ते ठरवण्याचं काम स्वतःकडून काढून सहकारी प्रशिक्षक टॉम क्लेमेंट्स यांच्याकडे दिलं होतं. हा निर्णय नेल्सन धडधाकट असताना झाला. म्हणजे नव्या हातांना हंगाम सुरू होण्याआधीच जुन्या आराखड्यातला मुख्य तुकडा नसताना काम करावं लागलं. कडेचे रिसीव्हर स्वतःच्या बळावर मोकळे होत नसतील तर त्यांना रचनेने मोकळं करावं लागतं: रिसीव्हर एकमेकांजवळ गुच्छात उभे करायचे, स्नॅपआधी एकाला हलवायचं, दोन धावमार्ग एकमेकांना छेदून न्यायचे म्हणजे बचावपटू आपसात अडकतात, आणि रनिंग बॅकला खोटा चेंडू देऊन मधल्या फळीला पुढे ओढायचं. पॅकर्स बराच काळ जुन्याच पद्धतीने, रिसीव्हर पसरून, प्रत्येकाने आपापला माणूस हरवावा या भरवशावर खेळत राहिले. ती पद्धत नेल्सनसाठी बेतलेली होती. मॅकार्थींनी डिसेंबरमध्ये काम परत हाती घेतलं. १३ डिसेंबरला डॅलसविरुद्ध रनिंग बॅक एडी लेसी १२४ यार्ड धावला आणि पॅकर्स २८-७ ने जिंकले.

लेसीची गोष्ट वेगळी. पास दुबळा झाला की धावण्यावर भार टाकायचा, हा कुठल्याही संघाचा पहिला पर्याय. पण २०१४ मध्ये १,१३९ यार्ड धावलेला लेसी २०१५ मध्ये ७५८ वर थांबला. त्याचं वजन वाढलं होतं, आणि हंगाम संपल्यावर मॅकार्थींनी ते जाहीरपणे बोलून दाखवलं. जेम्स स्टार्क्सने ६०१ यार्ड धावून आणि ४३ झेल घेऊन भार उचलला. राखीव फळीतला जो माणूस अपेक्षेपेक्षा जास्त देऊन गेला तो हाच, आणि त्याचं नाव सगळ्यांत कमी घेतलं गेलं.

डिसेंबरअखेर लाइन कोसळली. लेफ्ट टॅकल डेव्हिड बाख्तियारीचा घोटा दुखावला. २७ डिसेंबरला ॲरिझोनात त्याच्या जागी बार्कले खेळला. पॅकर्सचे क्वार्टरबॅक नऊ वेळा चेंडूसकट पाडले गेले आणि निकाल ३८-८. पुढच्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध लेफ्ट गार्ड (टॅकलच्या शेजारी, आतल्या बाजूला उभा राहणारा) जॉश सिटनला टॅकलवर सरकवलं. एका भोकासाठी दोन जागा बदलल्या, कारण त्याच्या गार्डच्या जागेवरही दुसरा आणावा लागला. तोही सामना १३-२० ने गेला आणि त्याबरोबर विभागाचं विजेतेपद. बाद फेरीत वॉशिंग्टनला ही जागा जे. सी. ट्रेटर या सेंटरने सांभाळली. तीन आठवडे, तीन लेफ्ट टॅकल. वॉशिंग्टनमध्ये पॅकर्स ३५-१८ ने जिंकले, हे त्या लाइनचं श्रेय आहे.

आकडे शेजारी ठेवले तर

रॉजर्स २०१४ मध्ये: ५२० पास, ४,३८१ यार्ड, पासमागे ८.४ यार्ड, ३८ टचडाउन, ५ इंटरसेप्शन, २८ वेळा पाडला गेला. २०१५ मध्ये: ५७२ पास, ३,८२१ यार्ड, पासमागे ६.७, ३१ टचडाउन, ८ इंटरसेप्शन, ४६ वेळा पाडला गेला. पास वाढले, यार्ड घटले. पाडलं जाण्याचा आकडा फक्त लाइनचा समजू नये. रिसीव्हर मोकळा व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला तर क्वार्टरबॅक अर्धा सेकंद जास्त चेंडू धरून उभा राहतो, आणि त्याच अर्ध्या सेकंदात तो पाडला जातो.

कॉबचा आकडा आम्हाला सगळ्यांत बोलका वाटतो. ९१ झेलांचे ७९ झाले. ही घट मोठी नाही. यार्ड मात्र १,२८७ वरून ८२९ वर. झेलामागे १४ चे साडेदहा. त्याच जागी, त्याच क्वार्टरबॅककडून झेल घेणाऱ्या माणसाचे प्रत्येक झेलामागे साडेतीन यार्ड कमी झाले. खांद्याचा त्यात वाटा असेल, पण मोठा वाटा खाली उतरलेल्या सेफ्टीचा. उलट जोन्सने ५० झेलांत ८९० यार्ड आणि ८ टचडाउन केले, झेलामागे १७.८. पण यातले बरेच झेल रॉजर्सने खेळ मोडून मारलेल्या खोल पासांवर आले. ठरलेल्या मार्गावर पहिल्या क्षणाला मोकळं होणं त्याला अवघड जात होतं.

यादीच्या तळाचा माणूस

१६ जानेवारी २०१६ ला ॲरिझोनात बाद फेरीचा दुसरा सामना. ॲडम्स आदल्या आठवड्यात गुडघ्याला लागून बाहेर. कॉब या सामन्याच्या सुरुवातीलाच छातीला मार लागून बाहेर. उरले जोन्स, ॲबेडेरिस आणि जॅनिस. सॅगिनॉ व्हॅलीसारख्या छोट्या विद्यापीठातून आलेला, चाळीस यार्ड ४.४२ सेकंदांत पळणारा जॅनिस. अख्ख्या नियमित हंगामात त्याचे झेल फक्त दोन, ७९ यार्ड. त्याच्या धावमार्गात अचूकपणा नव्हता, क्वार्टरबॅकच्या मनातला बदल त्याला वेळेत कळत नसे, म्हणून प्रशिक्षक त्याला आक्रमणात उतरवत नव्हते.

त्या रात्री त्याने ७ झेल, १४५ यार्ड आणि २ टचडाउन केले. शेवटच्या मिनिटात पॅकर्स २०-१३ ने मागे, स्वतःच्या चार यार्डांच्या रेषेवर, चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि वीस यार्ड हवेत. रॉजर्सने जॅनिसला ६० यार्डांचा पास दिला, आणि वेळ संपताना ४१ यार्डांची हेल मेरी, म्हणजे नशिबावर हवाला ठेवून टाकलेला लांब पास, तीही जॅनिसलाच, दोन बचावपटूंच्या मधून. सामना बरोबरीत गेला आणि जादा वेळेत लॅरी फिट्झजेराल्डने तो ॲरिझोनाला २६-२० ने जिंकून दिला.

यावरून जॅनिसला आधीच खेळवायला हवं होतं, असा सरळ निष्कर्ष काढणं चूक ठरेल. सामन्यातले साठ स्नॅप त्याला पेलले नसते. पण आक्रमणाला वर्षभर ज्या एका गोष्टीची उणीव होती, म्हणजे सेफ्टीला मागे ढकलणारा वेग, ती त्याच्याकडे होती. सामन्यात सहा-आठ स्नॅप, दोनच धावमार्ग, सरळ खोल आणि खोल जाऊन आत. एवढं ऑगस्टमध्ये ठरवून शिकवता आलं असतं. चेंडू त्याच्याकडे गेला नसता तरी सेफ्टीला त्याच्यामागे पळावंच लागलं असतं. नेल्सनच्या बदल्यात पूर्ण नेल्सन शोधण्यापेक्षा त्याच्या कामाचे तुकडे करून वाटून द्यायचे. भरवशाचे झेल जोन्सला, आतला खेळ कॉबला, वेगाची धास्ती जॅनिसला. पॅकर्सने पहिले दोन तुकडे वाटले. तिसरा तसाच राहिला.

दोन शेजारची प्रकरणं

१९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन २८ ऑगस्टच्या हंगामपूर्व सामन्यात गुडघा गमावून बसला. त्याच्या जागी आलेल्या कर्ट वॉर्नरने ४१ टचडाउन पास टाकले, रॅम्सने १३ सामने जिंकले आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही. या कथेत वॉर्नरचं नाव मोठं होतं ते योग्यच. पण मार्शल फॉक, आयझॅक ब्रूस, टॉरी होल्ट, ऑर्लँडो पेस हे सगळे आपापल्या जागी होते, हेही सांगायला हवं. एक गेला, एक आला, बाकी कुणी हललं नाही.

मिनेसोटा वायकिंग्जचा टेडी ब्रिजवॉटर ३० ऑगस्ट २०१६ ला सरावात, कुणी न धडकता, गुडघ्याच्या भीषण दुखापतीने पडला. चार दिवसांत संघाने फिलाडेल्फियाकडून सॅम ब्रॅडफर्ड आणला. किंमत २०१७ ची पहिल्या फेरीची निवड आणि २०१८ ची एक सशर्त निवड. पहिले पाच सामने जिंकले, शेवटी आठ विजय आणि आठ पराभव. मधल्या काळात मॅट कालिल आणि आंद्रे स्मिथ हे दोन्ही टॅकल जखमी होऊन गेले. ब्रॅडफर्डने ७१.६ टक्के पास पूर्ण करून तेव्हाचा विक्रम केला, पण चेंडू धरून खोल पाहायला त्याला वेळच मिळत नव्हता.

आजचे नियम आणि ऑगस्टमधली तयारी

२०१५ मध्ये हंगामपूर्व काळात जखमी यादीवर टाकलेला खेळाडू त्या वर्षापुरता संपला. परत आणता येईल असा एकच खेळाडू नेमता यायचा, आणि तोही आधी ५३ मध्ये ठेवून. आता एका हंगामात आठ जणांना परत आणता येतं, किमान चार सामने बाहेर ठेवून. २०२४ पासून कपातीच्या दिवशीच दोघांना परतीच्या अटीवर त्या यादीत टाकता येतं. प्रॅक्टिस स्क्वॉड १० चा १६ झाला आणि त्यातून सामन्यापुरते दोघं वर आणता येतात. २०२१ पासून हंगामपूर्व सामने चाराचे तीन झाले, नियमित सामने मात्र सोळाचे सतरा. घोटा, खांदा, मांडीचा स्नायू अशा सहा-आठ आठवड्यांच्या दुखापती आता सोसता येतात. एसीएल तुटला तर आजही हंगाम जातोच.

म्हणून ऑगस्टमध्ये दोन तक्ते लागतात. एक नेहमीचा, जागेनुसार. दुसरा कामानुसार: कडेला एकटा उभा राहून भिडणाऱ्या कॉर्नरबॅकला हरवणारा कोण, सेफ्टीला मागे ढकलणारा कोण, तिसऱ्या प्रयत्नात सहा यार्डांवर हमखास मोकळा होणारा कोण, लेफ्ट टॅकल गेल्यास बाकी चौघांना न हलवता उभा राहणारा कोण. प्रत्येक कामापुढे दुसरं नाव लिहायचं, आणि तेच नाव तक्त्यात तीनदा आलं तर तिथे लाल खूण करायची. मग शिबिराच्या दर आठवड्यात एका सरावात पहिल्या क्रमांकाच्या एका खेळाडूला मुद्दाम बाहेर बसवून मुख्य क्वार्टरबॅकला बाकीच्यांबरोबर खेळवायचं. राखीव रिसीव्हर शिबिरभर राखीव क्वार्टरबॅककडूनच झेल घेत राहिला तर सप्टेंबरमध्ये तो मुख्य क्वार्टरबॅकला परकाच असतो.

नेल्सन २०१६ मध्ये परतला. ९७ झेल, १,२५७ यार्ड, लीगमध्ये सर्वाधिक १४ टचडाउन, आणि पुनरागमनाचा पुरस्कार. त्या वर्षी पॅकर्सच्या दुखापतींचा फटका रनिंग बॅकच्या जागेला बसला. ऑक्टोबरमध्ये लेसी आणि स्टार्क्स दोघंही बाहेर गेले. या वेळी मुख्य उत्तर त्यांनी घरातच शोधलं. रिसीव्हर माँटगोमेरीला, ८८ क्रमांकाच्या जर्सीसकट, रनिंग बॅक केलं. १८ डिसेंबरला शिकागोत तो १६ वेळा चेंडू घेऊन १६२ यार्ड धावला.